गेटवरची कोळीण

निवृत्त झालेल्या माणसाला सगळं जग सल्ले देतं. बायको एकच देते, घराबाहेर जा. बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. लष्कराच्या संचलनासारखे दिसत होते. संध्याकाळी बायको कॉलेजात शिकवून घरी आली, आमटी टाकायला गेली, आणि तिला हिंग सापडेना. मला विचारलं तर मलाही सापडेना. तेव्हा ती अतिशय शांतपणे म्हणाली, "तू काहीतरी शिकायला जा. काय ते तू ठरव. पण जा."

म्हणून मी रविवारी सकाळी बोरिवलीहून पार्ल्याला जायला लागलो. पार्ल्यात माझा अर्धा जन्म गेला, त्यामुळे तिथे कुठल्याही इमारतीत कुठलाही वर्ग चालू असतो एवढं मला माहीत होतं. एका छोट्या सभागृहात तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक 'चांगला माणूस म्हणजे काय' या विषयावर बोलत. फी नव्हती, चहा होता. विषयही मला अवघड वाटला नाही. उलट, आपल्याला एकदम दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळावा असंच मला वाटत होतं.

सर म्हणाले, चांगुलपणा नियम पाठ करून येत नाही. पोहण्यासारखा असतो. पुस्तक वाचून कोणी पोहत नाही, पाण्यात पडावं लागतं. रोज थोडं थोडं चांगलं वागा, हात बसेल. आणि प्रत्येक गुण दोन दोषांच्या मध्ये उभा असतो. एका बाजूला भित्रेपणा, दुसऱ्या बाजूला आततायीपणा, मध्ये धैर्य. एका बाजूला चिक्कूपणा, दुसऱ्या बाजूला उधळेपणा, मध्ये औदार्य. मला हे फार आवडलं. बँकेत माझं सगळं आयुष्य दोन टेबलांच्या मध्येच गेलं होतं.

सोमवारपासून मी हात बसवायला घेतला. लिफ्टमध्ये शिरलो की येणाऱ्या प्रत्येकासाठी दार धरून ठेवायचो. जे जिन्यात होते, गेटवर होते, जे यायचा नुसता विचार करत होते, त्यांच्यासाठीही. लिफ्ट बिघडली. मग भाजीवाल्याकडे एका बाईंच्या हातातली जड पिशवी उचलून द्यायला गेलो. त्या बाईंनी पिशवी सोडली नाही, मीही सोडली नाही, कारण अर्ध्यावर सोडणं हा मला दोष वाटला. भोवती माणसं जमली. शेवटी भाजीवाल्याने साक्ष काढली की हे रोजचे आहेत, डोक्याने थोडे असे आहेत, पण चोर नाहीत.

अशा वेळी समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाने माझं दार वाजवलं. मुलगा म्हणजे पन्नाशीचा, मरोळला एका कारखान्यात सुपरवायझर. त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे. मूळचे मालवणकडचे, आयुष्यभर गिरणीत राबलेले, गिरणी गेल्यावर मुलाबरोबर उपनगरात आलेले. काही महिन्यांपूर्वी ते मासळी बाजारात ओल्या फरशीवरून घसरले आणि मनगट मोडून बसले होते. आता प्लास्टर निघालं होतं.

"काका, एक विनंती आहे," मुलगा म्हणाला. "बाबांना बाहेर पडायचंय. मी आणि ही दोघंही सकाळीच निघतो. तुम्ही बरोबर असाल तर बागेपर्यंत जाऊ देत. बागेपर्यंतच. बाजारात अजिबात नाही. तसा मी त्यांच्याकडून शब्द घेतलाय, पण त्यांच्या शब्दापेक्षा मला तुमचा भरवसा आहे."

मी भारावलो. एवढा मोठा सराव घरपोच आला होता. "निर्धास्त राहा," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी हा शब्द ज्या ज्या वेळी वापरलाय, त्या त्या वेळी समोरच्या माणसाने निर्धास्त राहायला नको होतं.

बुधवारी सकाळी मी आणि त्याचे वडील निघालो; मुलगा मला काका म्हणायचा, मी त्याच्या वडिलांना काका म्हणायचो. गेटबाहेर आल्यावर बागेचा रस्ता डावीकडे. काका उजवीकडे वळले.

"काका, बाग इकडे."

"बागेत काय आसा?"

"झाडं आहेत, बाकं आहेत."

"ती खय पळान जातत? धा वाजले काय बांगडे मातर जातत."

आणि चालू लागले. एका हातात काठी, आणि शर्टाच्या आतून काढलेली घडीची पिशवी दुसऱ्या हातात. मी मागून धावलो. खरं तर मी त्यांना अडवायला हवं होतं. पण ऐंशीच्या माणसाला रस्त्यात हाताला धरून ओढणं म्हणजे आततायीपणा, आणि परत फिरून मुलाला फोन करणं म्हणजे चहाडी. मध्यम मार्ग म्हणून मी मुकाट्याने बरोबर गेलो. मध्यम मार्ग कुठे जातो हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. तो मासळी बाजारात जात होता.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. माझ्या लहानपणी आमच्या बिऱ्हाडात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून एकदा अंडं उकडलं होतं, तेही गॅलरीत, स्टोव्हवर, शेजारी झोपल्याची खात्री करून. त्या अंड्याची चर्चा नातेवाइकांत कित्येक वर्षं चालू होती. असा मी, आयुष्यात पहिल्यांदा, चपलांत पाणी शिरलेला, सुरमयांच्या आणि पापलेटांच्या मधोमध उभा होतो, आणि सगळे मासे माझ्याकडे, मी कर्ज नाकारलेल्या ग्राहकांसारखे बघत होते.

काकांनी मला पुढे पिटाळलं. "त्या कोपऱ्यातल्या कोळणीक इचार, बांगडे कशे दिले." मी गेलो. भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, त्या सवयीने मी एका बांगड्याची शेपटी हलकेच वाकवली. भाव विचारला. तिने सांगितला. मी "बघून येतो" असं म्हणून वळलो.

"ए शेठ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण आख्खी रांग गप्प झाली. "हात लावलास, भाव इचारलास, नि चाललास? भवानी नाय झाली अजून माझी."

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून रिकाम्या हाताने गेलं तर दिवस नासतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी घाबरून तिच्या पुढ्यातला जो दिसला तो मासा घेतला. तो भलताच महाग निघाला. काका मागून हळूहळू आले, माझ्या हातातला मासा पाहिला, आणि कोळणीला म्हणाले, "ह्येका सोड गो. ह्यो बँकेतलो आसा."

ती हसली. मग दोघांनी एकमेकांना मनसोक्त शिव्या घातल्या. तिने काकांच्या मोडक्या हाताची चौकशी केली तीही शिवीतच. काकांनी माशांचे कल्ले उचलून बघितले, दाबून बघितले, वास घेतला, आणि मोठ्या थाटात बांगडे निवडले. तिने ते टोपलीत घेतले, आणि साफ करायला वळताना त्यातले दोन शिळे गुपचूप बाजूला टाकून ताजे घेतले. काकांच्या डोळ्याला आता कमी दिसतं, हे तिने ओळखलं होतं. मी पाहिलंय हे तिने पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच छताकडे बघायला लागलो.

घोटाळा झाला तो संध्याकाळी. काकांची सून शाळेतून आली, तिने फ्रीज उघडला, आणि साफ केलेले बांगडे बघून ती थेट आमच्या दारात. मागे काका.

"काका, घरात हे मासे कुठून आले?" तिने मला विचारलं.

माझ्या आधी काका बोलले. "गेटार कोळीण इल्ली."

आणि माझ्याकडे बघितलं. सून माझ्याकडे बघत होती. माझी बायको टीव्हीचा आवाज कमी करून माझ्याकडे बघत होती. मी 'हो' म्हणून थांबू शकलो असतो. पण मला कुठलीही गोष्ट सजवल्याशिवाय सांगता येत नाही. मी म्हणालो, "हो, गोराईहून येते. पहाटेच्या बोटीने. हिरवं लुगडं, कानात मोठ्या बुगड्या. बिचारीचा नवरा नसतो घरी. फार स्वच्छ बाई."

दुसऱ्या दिवशी बागेत, म्हणजे खऱ्या बागेत, कारण गुरुवारी काका मासे खात नाहीत, त्यांनी मला बाकावर बसवून समज दिली. "तुका गोराई कोणी सांगलेली? नवऱ्याचा काय काम होता? खोटां मिठासारख्यां आसता. कमी पडलां तर वरसून घालूक येता. तू पिशवीच ओतलंस."

सरांनी सांगितलेला दोन टोकांमधला बिंदू तो हाच, हे माझ्या लक्षात आलं. फक्त सरांनी तो खोटं बोलण्याच्या बाबतीत सांगितला नव्हता.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, हे मी बायकोसमोर कबूल करणार नाही. दर बुधवारी आणि शुक्रवारी आम्ही जायचो. शुक्रवारचं काही रविवारसाठी राखून ठेवायचं. काका घसरू नयेत म्हणून मी त्यांचा दंड धरायचो, आणि मी घसरू नये म्हणून ते काठी माझ्या पायाशी रोवायचे. मला शिंपल्यांतले तिसऱ्या आणि खुबे वेगळे कळायला लागले. मुडदुशा हे माशाचं नाव आहे, कोणाबद्दलचं मत नाही, हेही कळलं. काका बाजारात असले की साठीचे दिसायचे. बाहेर आले की पुन्हा ऐंशीचे.

इकडे गेटवरची कोळीण माझ्या हातून निसटली. सुनेने शाळेत जाता जाता चौथ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं की आमच्या गेटवर दहा वाजता एक कोळीण येते, काय मासे असतात, ताजे फडफडीत. चौथ्या मजल्याने सहाव्याला सांगितलं. सगळ्या नोकरीवाल्या. दहा वाजता घरी काकांशिवाय कोणीच नाही. मग झाकणावर नावं चिकटवलेले रिकामे डबे मंगळवारी संध्याकाळी काकांकडे यायला लागले. काकांचं मनगट दुखरं. तेव्हा डबे कोणी उचलायचे?

मी शाकाहारी, बँकेचा निवृत्त अधिकारी, आणि आता तीन घरांचा मासेवाला.

एकदा बायको जेवताना घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या भुवईवर काहीतरी चमकतंय."

मी हात लावला. खवला होता.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तू मासे खायला लागलास?"

"छे. नुसते आणतो."

"म्हणजे तुला पापसुद्धा नीट करता येत नाही," ती म्हणाली आणि ताक वाढायला उठली. जाता जाता वळून म्हणाली, "त्या मुलाला सांगून टाक रे. त्याने तुझ्यावर सोपवलंय."

मला ते पटत होतं. रोज पटत होतं. पण सांगितलं की काकांचा बाजार बंद. आणि बाजार बंद झालेले काका मी गुरुवारी आणि शनिवारी बागेत बघत होतो. बाकावर बसलेले, हात काठीवर, समोरच्या झाडांकडे बघत. झाडं काही पळून जात नव्हती.

शेवटी मी प्रश्न वर्गात नेला. सरांना म्हणालो, माझ्या एका मित्राचं असं असं आहे. दयेपोटी खोटं बोलतोय. यात दया मोठी की सत्य? मी त्यावर चांगलं टिपण काढून नेलं होतं. सरांनी ऐकलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "तुमचे मित्र विचार फार करतात असं दिसतं." मी घरी येईपर्यंत ही स्तुती आहे असं समजत होतो.

दिवाळी आली. सुनेने गेटवरच्या कोळणीसाठी साडी आणली. वर्षाचा सण, बिचारीचा नवराही घरी नसतो, म्हणाली. चौथ्या आणि सहाव्या मजल्याने फराळाची पाकिटं दिली. मी ते सगळं घेऊन बाजारात खऱ्या कोळणीपुढे उभा राहिलो आणि साडी पुढे केली.

तिने सुरी खाली ठेवली. "काय रं शेठ, मनात काय हाय तुझ्या? माझा माणूस हितं मागंच बसलाय."

"तसं नाही हो. ही आमच्या गेटवर येणाऱ्या कोळणीची आहे."

"मग तिला दे."

"ती नाहीये."

"गेली?"

"नाही, झालीच नाही."

काका शेजारी उभे राहून इतके हसले की त्यांना टोपलीवर बसवावं लागलं. सगळं ऐकल्यावर तीही हसली. साडी ठेवून घेतली. रंग मात्र तिला आवडला नाही, पुढच्या वेळी विचारून आण म्हणाली.

दिवाळीनंतर नोटीस लागली. दुसऱ्या विंगमधल्या काही सभासदांनी तक्रार केली होती की आवाराच्या गेटवर मासेविक्री चालते आणि लिफ्टला वास येतो. लिफ्टचा वास खरा होता. तो आमच्या पिशवीचा होता. त्यावर रविवारी सकाळी गच्चीखालच्या हॉलमध्ये सभा ठेवली.

मी वर्ग बुडवून सभेला गेलो. गप्प बसायचं ठरवूनच गेलो होतो. पण एक गृहस्थ उठून म्हणाले की अशा बायकांना आत सोडताच कामा नये, आणि माझं रक्त तापलं. नसलेल्या बाईचा का होईना, अपमान तो अपमान. मी उभा राहिलो आणि बोललो. या शहरात इमारती नव्हत्या तेव्हापासून कोळी आहेत, म्हणालो. ती पहाटे अंधारात उठते, बोटीतून येते, डोक्यावर टोपली घेऊन चालत येते, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तिच्या हिरव्या लुगड्याचं वर्णन केलं. बुगड्यांचं केलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी डोळे टिपले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

मग सेक्रेटरी म्हणाले, "बाईंबद्दल आपल्याला आदरच आहे. पण गेटवर विक्री करायची नाही असा नियम आहे, आणि तो वॉचमनला माहीत आहे. बोलवा त्याला."

वॉचमन आला. टोपी हातात.

"त्या कोळणीला तू गेटवर का बसू देतोस?"

"साहेब, कोळीण येत नाही गेटवर."

हॉलमध्ये हशा पिकला. "खोटं बोलू नकोस," सेक्रेटरी म्हणाले. "तीन घरं तिच्याकडून मासे घेतात. या साहेबांनी आत्ता तिचं एवढं वर्णन केलं. आणि तू म्हणतोस येत नाही? किती घेतोस तिच्याकडून?"

"मी काही घेत नाही, साहेब. मी बघितलीच नाही कधी."

तो आम्हाला दर बुधवारी आणि शुक्रवारी रिकामी पिशवी घेऊन जाताना आणि भरली पिशवी घेऊन येताना बघत होता. त्याने एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि खाली मान घातली. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. बोलला नाही.

"ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "एजन्सीला कळवू, उद्यापासून दुसरा माणूस पाठवा."

मला उभं राहायचं होतं. मी खरंच उभा राहणार होतो. पण कसं सांगायचं? सगळ्यांसमोर की सेक्रेटरींना बाजूला घेऊन? आता की सभा संपल्यावर? काकांचा मुलगा माझ्या पुढच्याच रांगेत बसलेला. त्याला आधी सांगावं का? काकांचा उल्लेख टाळून सगळा दोष स्वतःवर घेता येईल का? की तोही पुन्हा खोटेपणाच? मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मित्रहो, सत्य ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते. तिला अनेक पैलू असतात."

"खाली बस रे म्यानेजर."

काका उभे राहिले होते. काठी शेजारच्या खुर्चीला टेकवलेली, तशीच राहिली.

"ती कोळीण मी," काका म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"मी नि ह्यो. गेटार कोण येना नाय. आमी बाजारातसून हाडतंव. ह्या वॉचमनाचो काय संबंध नाय, तेका कामार ठेवा." आणि बसले.

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं. मग सगळा हॉल. दुसऱ्या विंगमधले तक्रारदारसुद्धा हसले. सेक्रेटरींनी विचारलं की इतिवृत्तात आता काय लिहायचं, आणि कोणीतरी सुचवलं, सदर कोळीण अस्तित्वात नसल्याने विषय निकाली. चौथ्या मजल्यावरच्या बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांचे डोळे अजून ओले होते आणि त्या माझ्याकडे फराळाच्या पाकिटाचा हिशेब मागितल्यासारख्या बघत होत्या. वॉचमन टोपी घालून गेटवर परत गेला.

आणि काकांचा मुलगाही हसला नाही.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. आकडे बदलताना बघत तो म्हणाला, "काका, मी तुमच्यावर टाकलं होतं."

माझ्या आधी काकांनीच उत्तर दिलं. "तेका काय बोलू नको. तो साधो आसा. तेका माशातला थोडाच कळता, मानसातला तेच्याहून कमी."

"बाबा, बाजार बंद. बागही बंद."

"बरां," काका म्हणाले. इतक्या सहज, की मला वाटलं ऐकू गेलं नसावं.

ऐकू गेलं होतं. बुधवारी नऊ वाजता मी सवयीने दारात उभा राहिलो. समोरचं दार बंद. आतून टीव्हीवर कुठली तरी आरती ऐकू येत होती. शुक्रवारीही तेच. माझी बायको म्हणाली, "दारात उभं राहून काय होणार? जाऊन बोल त्याच्याशी. आणि हे बघ, पैलू-बिलू काही काढू नकोस."

संध्याकाळी गेलो. मुलगा सोफ्यावर, सून कणीक मळत होती, काका आतल्या खोलीत. मी एका दमात बोललो. म्हणालो, मी तुम्हाला फसवलं, वाईट केलं. पण त्यांना जाऊ द्या. यापुढे तुम्हाला सांगून जाऊ.

तो म्हणाला, "काका, ते पडले तेव्हा मी मरोळला होतो. कोणातरी अनोळखी माणसाने त्यांच्या फोनवरून मला फोन केला. मला एवढंच कळलं की म्हातारे पडलेत आणि उठत नाहीयेत. मरोळहून इथपर्यंत रिक्षात बसून मी काय काय ठरवून टाकलं होतं, तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही दंड धरता म्हणता. तुमचं स्वतःचं वय काय?"

तो बरोबर होता. मी उठायच्या बेतात होतो.

"एक मिनिट," सून म्हणाली. पिठाचे हात तसेच. "मला कोणी विचारलंय? दोन महिने ते माझ्याशी भांडत होते. कालवणात कोकम कमी, हळद जास्त, तिरफळं कुठायत. डोकं उठवलं होतं माझं. आता आठवडाभर दहीभात खातायत आणि छान झालाय म्हणतायत. मला नाही चालणार हे. दहीभाताला कोण छान म्हणतं?"

नवरा आतल्या खोलीच्या दाराकडे बघायला लागला.

"रबरी तळाचे बूट घालायचे," ती म्हणाली. ती शाळेत शिकवते हे कळत होतं. "बर्फाची गाडी उतरते त्या बाजूला जायचं नाही. पोचल्यावर एक फोन, निघाल्यावर एक. आणि रविवारी तू घेऊन जायचंस त्यांना. नुसती काळजी करू नकोस, पिशवी उचल."

"मला काय कळतं माशातलं," मुलगा म्हणाला. पण आवाजातला ताठा गेला होता.

"या समोरच्या काकांना तरी काय कळत होतं? ते शिकलेच ना."

आतल्या खोलीतून, इतका वेळ ऐकू न येणाऱ्या काकांचा आवाज आला. "चौथ्या माळ्यावाल्यांका सरंगे व्हये काय, ता इचारून ठेवा."

पुढच्या बुधवारी आम्ही निघालो. काकांच्या पायात सुनेने आणलेले बूट होते, काळे, जाडजूड, आणि ते दर दहा पावलांवर त्या बुटांना मालवणीत काहीतरी म्हणत होते. मी त्यांचा दंड धरला होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती विचारल्याशिवाय मला राहवेना. सरांना सांगायची होती, खरं म्हणजे.

"काका, त्या दिवशी सभेत तुम्ही उभे राहिलात. मी तिथे बसून एवढा विचार करत होतो. तुम्ही काय विचार केलात?"

"कसलो इचार?"

"म्हणजे आपण खरं बोललो तर आपला बाजार बंद होणार, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

काका थांबले. त्यांना खरंच आठवून बघावं लागलं.

"ता माका बसल्यार आठावला," ते म्हणाले.

"मग?"

"मगे काय? परत उभो रवान 'नाय नाय' म्हणतलंय?" आणि माझ्या हातातून दंड सोडवून घेऊन ते पुढे निघाले, कारण साडेनऊ होऊन गेले होते आणि माझ्या तत्त्वज्ञानापायी बांगडे जातील अशी त्यांना भीती वाटत होती.